एक रंग, दोन अंगं
लेखमाला : रंग गाड्यांचे – लेखांक ७

उराल ही रशियन गाडी घेणाऱ्याला रंग जुळवायची चिंता नसते. मोटारसायकल आणि साइडकार एकाच कारखान्यात, एकमेकींसाठीच तयार होतात. आपल्याकडची गोष्ट वेगळी. बुलेट शोरूममधून येते, साइडकार एखाद्या कारागिराकडून बनवून घेतलेली किंवा जुन्या बाजारातून उचललेली असते, आणि दोघींची पहिली गाठ पडते ती रंगाऱ्याच्या दारात. मालकाची मागणी एका वाक्याची असते : ‘टाकीचा जो रंग आहे, तोच साइडकारला मारा.’ गेल्या आठवड्यात आपण अस्तर आणि लांबीचं काम पाहिलं. या वेळी ही एका वाक्याची मागणी एवढी अवघड का ठरते, ते पाहू.

पहिली अडचण रंगाच्या डब्यात नाहीच, ती खालच्या अंगात आहे. बुलेटची टाकी पोलादी पत्र्याची. कारखान्यात तिच्यावरचा रंग भट्टीत, साधारण १२० ते १४० अंश सेल्सिअसला भाजला जातो. आपल्याकडच्या बहुतेक नव्या साइडकारचा डबा मात्र फायबरचा असतो. एवढी उष्णता तो सोसत नाही. म्हणून त्याला हार्डनर मिसळलेला दोन भागांचा रंग मारायचा आणि हवेवर किंवा फार तर ६० अंशांच्या आसपास वाळवायचा. म्हणजे रंगाचा कोड एक असला तरी रसायन दुसरं आणि वाळण्याची रीतही दुसरी. त्यात फायबरवर साच्यातून काढताना लावलेल्या मेणाचा अंश राहतो. तो सॉल्व्हंटनं नीट पुसला नाही, तर महागातला महाग रंगही तिथं धरत नाही. त्यावर माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे उमटतात. फायबरमधली सुईच्या टोकाएवढी छिद्रंही याच वेळी बुजवावी लागतात. रंगाचे दोन हात बसल्यावर ती दिसली, तर सगळं पुन्हा घासायला घ्यावं लागतं.

दुसरी अडचण टाकीच्या वयाची. पाच-सहा पावसाळे आणि तेवढेच उन्हाळे काढलेल्या टाकीचा रंग आता कंपनीच्या कोडात लिहिलेला राहिलेला नसतो. लाल आणि मरून छटा उन्हात विशेष उतरतात. कोडावरून बनवलेला रंग साइडकारवर मारला, की साइडकार नवी नवरी दिसते आणि टाकी तिची आत्या. जाणता रंगारी आधी टाकीचा कोपरा रबिंग कंपाउंडनं घासून वरचा मेलेला थर काढतो आणि मगच छटा बघतो. शक्य असेल तर सीटखाली झाकलेला एखादा रंगीत भागही काढून बघावा. तिथं ऊन पोचलेलं नसतं, त्यामुळे मूळ रंग किती उतरला ते लगेच कळतं. यानंतर मालकाला ठरवावं लागतं की साइडकार आजच्या टाकीशी जुळवायची, की दोन्हीला मूळ रंगात आणायचं.

छटा मोजायला आता यंत्र आहे. स्पेक्ट्रोफोटोमीटर टाकीवर टेकवला की तो परावर्तित प्रकाश मोजतो आणि दोन रंगांमधलं अंतर आकड्यात सांगतो. हा आकडा डेल्टा ई नावानं ओळखला जातो. ढोबळमानानं तो १ च्या आसपास असला, तर सराईत डोळ्यालाही फरक जेमतेम जाणवतो. पण चंदेरी कणांच्या रंगाला एका कोनातून घेतलेलं माप पुरत नाही. त्यासाठीची यंत्रं १५, ४५, ११० अशा अनेक अंशांवरून मोजतात, कारण मेटॅलिक रंग समोरून एक दिसतो आणि बाजूनं दुसरा.

असं का होतं, हे कळलं की अर्धं काम कळलं. मेटॅलिक रंगात अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक चकत्या असतात. रंग गनमधून कोरडा, म्हणजे लांबून आणि जास्त हवेनं मारला, तर थर लगेच आळतो आणि चकत्या आडव्या पडतात. समोरून प्रकाश परत येतो आणि रंग उजळ दिसतो. ओला, दाट हात मारला तर थर वाळेपर्यंत चकत्या हलतात, तिरक्या-उभ्या होतात आणि तोच रंग गडद दिसतो. एकाच डब्यातला, एकाच दिवशीचा रंग, आणि छटा दोन! थिनर लवकर उडणारा की सावकाश, गॅरेजमध्ये मे महिन्याची दुपार की जुलैतली दमट हवा, यावरही हे ठरतं. साइडकारचं नाक गोल आणि टाकीच्या बाजू उभ्या, त्यामुळे कणांचा हा खेळ साइडकारवर अधिकच उघडा पडतो.

यावर उपाय जुना आणि खात्रीचा आहे, तो म्हणजे चाचणीची पट्टी. पत्र्याचा वहीएवढा तुकडा घ्यायचा, त्याला साइडकारवर मारलं तेच अस्तर मारायचं आणि तीच गन, तोच हवेचा दाब, तोच थिनर वापरून रंगवायचा. वरचा क्लिअर कोटही विसरायचा नाही, कारण क्लिअरशिवाय छटा खरी दिसत नाही. मोती छटेचा किंवा कँडी रंग असेल, तर पट्टीचे चार भाग करायचे. पहिल्या भागावर मधल्या थराचा एक हात, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर चार. कँडी रंग पारदर्शक असतो. प्रत्येक हातानं तो खोल होत जातो. ही पट्टी टाकीला भिडवली, की किती हात मारायचे ते डोळ्यांना दिसतं आणि अंदाज बांधावा लागत नाही.

पट्टी बघायची कुठं, हेही महत्त्वाचं. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग बाहेर उन्हात फटकून दिसू शकतो, कारण दोन वेगळ्या रंगद्रव्यांचं मिश्रण एका प्रकाशात सारखं आणि दुसऱ्या प्रकाशात वेगळं दिसतं. म्हणून सकाळच्या उन्हात, मग सावलीत आणि शेवटी दिव्याखाली, अशी तिन्हीकडे पट्टी धरावी. रंगाऱ्याला घाई असली, तरी मालकानं हे मागून घ्यावं. तो त्याचा हक्क आहे.

मॅट रंगाचं दुखणं आणखी निराळं. रॉयल एन्फील्डच्या ‘डेझर्ट स्टॉर्म’ या वाळूच्या रंगाची गाडी असेल, तर तिथं छटेइतकीच झळाळीही जुळवावी लागते. मॅट क्लिअरचा थर जाड-पातळ झाला तरी चमक बदलते. चुकलं तर पॉलिश मारून सावरताही येत नाही, कारण पॉलिश केलं की तो भाग चकाकायला लागतो. सरळ पूर्ण पॅनेल पुन्हा रंगवायचं.

याच ओघात एका नियमाकडे लक्ष वेधायला हवं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेनं साइडकार लावलेल्या नॉर्टन गाड्या वापरल्या, आणि त्यांच्या प्रेमात पडून अनेक जण आपली जोडगोळी फौजी हिरव्या रंगात रंगवायला निघतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२१वा नियम संरक्षण खात्याखेरीज कोणालाही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देऊ देत नाही. बाकी कुठलाही रंग निवडला, तरी आरसी बुकावर रंगाची नोंद असते. रंग बदलायचा किंवा साइडकार जोडायची, तर आधी आरटीओत विचारून घ्यावं.

आता रेघांकडे येऊ. बुलेटच्या टाकीवरच्या सोनेरी रेघा चेन्नईच्या कारखान्यात कारागीर ब्रशनं, हातानं मारत आले आहेत. लांब केसांचा ब्रश, एका दमात ओढलेली रेघ, कुठंही स्टिकर नाही. साइडकारवर त्याच रेघा हव्यात आणि तिथं बहुतेक जण टाकीवरची जाडी मोजून तीच उचलतात. टाकीपेक्षा कितीतरी मोठ्या पृष्ठभागावर तीच रेघ किरकोळ, उपरी वाटते. रेघ थोडी जाड घेतली आणि कडेपासून थोडी जास्त आत ठेवली, तरच दोन्ही एकाच हातच्या वाटतात. इथं मोजपट्टीपेक्षा पाच पावलं मागं जाऊन बघणं कामी येतं.

खर्चाचा हिशेब करताना कुठं थांबायचं? काळा, क्रीम, साधा लाल असा एकसंध रंग असेल, टाकी चांगल्या स्थितीत असेल, तर फक्त साइडकार रंगवून जुळवता येते. टाकी आणि साइडकार यांच्यामध्ये फूट-दीड फुटाचं अंतर असतं, कडेला कड भिडत नाही, त्यामुळे डोळा थोडा फरक माफ करतो. मेटॅलिक, मोती छटा, कँडी किंवा मॅट असेल, तर टाकी, मडगार्ड आणि साइडकार एकाच डब्यातून, एकाच हातानं, एकाच दिवशी रंगवून घ्यावीत. सुरुवातीला जास्त पैसे जातात, पण दोनदा रंगवण्याच्या खर्चापेक्षा ते कमीच पडतात.

आणखी एक मागणी, आणि ती मालकांकडेच आहे. दोन भागांच्या रंगातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याच्या फवाऱ्यानं रंगाऱ्याला दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढं थोड्याशा वासानंही त्रास होतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कागदी मास्क इथं निरुपयोगी आहे. हवा बाहेरून पुरवणारा मास्क उत्तम. तो नसेल, तर वेळच्या वेळी बदललेल्या फिल्टरचा चांगला रेस्पिरेटर आणि वारा खेळता ठेवलेली जागा एवढं तरी हवंच. गाडी देण्याआधी गॅरेजमध्ये डोकावून हे बघा. नसेल तर तसं बोला, मास्कचे पैसे बिलात धरायला सांगा. आणि काम झाल्यावर रंगाचं सूत्र, थिनरचं नाव आणि उरलेला पाव लिटर रंग झाकण घट्ट लावून घरी घेऊन या; पहिला ओरखडा पडेल तेव्हा तोच लागणार आहे.