बिल भरलं म्हणजे भरपाई झाली असं नाही

पुण्याच्या कामगार न्यायालयात मी अपघात भरपाईचे दावे चालवते. पूर्वी माझ्याकडे भोसरी-चाकणकडचे, प्रेस मशीनखाली बोटं गेलेले कामगार जास्त यायचे. आता त्यांच्या जोडीला बर्गर, फ्रँकी, मोमो आणि चायनीजच्या दुकानांतली मुलं येऊ लागली आहेत. वीस-बावीस वर्षांची, बीड-परभणी-नांदेडकडून आलेली, चार-पाच जणांत एक खोली घेऊन राहणारी. आपल्याला झालेली इजा हा कायद्याच्या भाषेत ‘कामावरचा अपघात’ आहे, हेच त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नसतं. कारखान्यात झाला तर अपघात, किचनमध्ये झाला तर हलगर्जीपणा, असं त्यांना पहिल्या दिवसापासून ऐकवलेलं असतं.

या किचनमध्ये काय असतं ते ग्राहकाला काउंटरच्या अलीकडून दिसत नाही. फ्रायरमधलं तेल साधारण 175 ते 190 अंशांवर असतं. बर्फ चिकटलेले फ्राइज त्यात सोडले की तेल उसळून मनगटावर येतं. दुकान बंद करायची वेळ तर सगळ्यात वाईट. तेल गाळायचं असतं, ते निवायला वेळ लागतो, मुलांना घरी पोचायची घाई असते आणि फरशी नुकतीच पुसलेली असते. भाजल्यावर हात वीस मिनिटं थंड वाहत्या पाण्याखाली धरायला हवा. ते न करता टूथपेस्ट फासून मुलाला पुन्हा काउंटरवर उभं केलं जातं. मला याचा फार राग येतो.

एका मुलाचं प्रकरण सांगते. वय वीस, पगार बारा हजार. सहा माणसांचं छोटं दुकान. कोबी चिरायच्या मशीनमध्ये त्याच्या उजव्या तर्जनीचं वरचं पेर गेलं. मॅनेजरने त्याला लगेच गाडीवर घालून दवाखान्यात नेलं, मालकाने सगळं बिल भरलं, वर पाच हजार हातात दिले. मुलाची आई माझ्याकडे आली तीसुद्धा बिचकतच. “मालक चांगला आहे हो ताई, त्याने पैसे दिले. पण पोराला आता कुणी कामावर घेत नाही.”

मालक वाईट नव्हता, हे मलाही मान्य आहे. पण उपचाराचा खर्च वेगळा आणि भरपाई वेगळी. गेलेलं पेर आयुष्यभर परत येणार नाही, त्यामुळे जी कमाई बुडणार तिचा मोबदला म्हणजे भरपाई. 1923 च्या कामगार भरपाई कायद्याने त्याचा हिशेब ठरवून दिलेला आहे. अंगठा गेला तर कमाईची क्षमता तीस टक्के गेली असं धरतात. अख्खी तर्जनी गेली तर चौदा टक्के, तिचं एक पेर गेलं तर नऊ. मग पगाराचे साठ टक्के घ्यायचे, म्हणजे इथे 7,200 रुपये. विसाव्या वर्षासाठी कायद्यातल्या तक्त्यात 224 हा आकडा आहे. गुणाकार होतो 16,12,800. त्याचे नऊ टक्के म्हणजे 1,45,152 रुपये. घरी बसावं लागलं त्या काळाचे पैसे आणि दवाखान्याचा खर्च याशिवाय. महिन्याभरात रक्कम दिली नाही तर त्यावर बारा टक्के व्याज. आईने हिशेबाचा तो कागद दोनदा वाचायला लावला.

अडचण केसपेपरची होती. अपघात कसा झाला या रकान्यात लिहिलं होतं, ‘घरी दारात बोट चेमटले’. मुलगा वेदनेने कळवळत असताना मॅनेजरने डॉक्टरांना तसं सांगितलं होतं. असे केसपेपर मी इतके पाहिले आहेत की आता फाइल उघडली की आधी तोच रकाना वाचते. या प्रकरणात दवाखान्याचं बिल दुकानाच्या खात्यातून ऑनलाइन भरलेलं निघालं. घरच्या दारात चेमटलेल्या बोटाचं बिल दुकान कशाला भरेल? सोबतच्या मुलाने त्याच संध्याकाळी ग्रुपवर टाकलेला मेसेजही सापडला. निकाल मुलाच्या बाजूने लागला, व्याजासकट. पण प्रत्येकाच्या नशिबी असा पुरावा नसतो. म्हणून जखमी माणसाबरोबर जो कुणी दवाखान्यात जाईल त्याने एवढं करावं: “कामावर असताना, अमुक मशीनवर” हे शब्द केसपेपरवर लिहून घ्यावेत आणि त्याचा फोटो काढून ठेवावा.

मालकाच्या वकिलाचा ठरलेला मुद्दा असतो, की चूक मुलाचीच, त्याने हातमोजा घातला नव्हता. साध्या बेसावधपणाने भरपाई जात नाही. दारूच्या नशेत असणं, सुरक्षेचा स्पष्ट नियम जाणूनबुजून मोडणं, मशीनचं संरक्षक झाकण मुद्दाम काढणं, अशा मोजक्याच कारणांनी ती नाकारता येते. मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर तीही कारणं चालत नाहीत. आणि हातमोजे दुकानात होतेच कुठे, हा प्रश्न मी दरवेळी विचारते.

मोठ्या साखळी दुकानांत बहुधा ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना, लागू असते. दहा किंवा अधिक माणसं आणि 21,000 पर्यंत पगार असेल तर भरपाई मालकाकडून नाही, तिथून घ्यायची. चौदा हजारांच्या पगारातून त्यासाठी महिन्याला 105 रुपये कापले जातात, मालक 455 भरतो. कामावरच्या इजेने घरी बसावं लागलं तर पगाराच्या सुमारे नव्वद टक्के रक्कम मिळते, आणि त्यासाठी अमुक महिने नोकरी झालेली असावी अशी अट नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी भाजलं तरी हक्क आहे. मालकाने हप्ते भरले नसले तरी लाभ मिळतो, वसुली मालकाकडून होते. या योजनेचा आराखडा प्रा. बी. पी. अडारकर यांनी 1944 मध्ये दिला. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं डॉ. आंबेडकरांकडे होतं.

21 नोव्हेंबर 2025 पासून भरपाईचा आणि ईएसआयचा असे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत गेले आहेत. हिशेबाचा साचा तोच आहे. कामावर जाता-येताना झालेला अपघातही, कामाशी संबंध दाखवता आला तर, भरपाईत धरला जातो. मध्यरात्री दुकान बंद करून दुचाकीवर निघणाऱ्या मुलांच्या घरच्यांनी हे लक्षात ठेवावं. पार्सल पोचवणाऱ्या मुलांना मात्र ‘कर्मचारी’ म्हणून अजून हा हक्क नाही, आणि मला तो अन्याय वाटतो.

शेवटी स्टॅम्प पेपरबद्दल. अपघातानंतर आठवड्याभरात गावाकडून वडिलांना बोलावून घेतात, दहा-पंधरा हजार देतात आणि ‘यापुढे माझी कोणतीही मागणी नाही’ अशा मजकुराखाली सही घेतात. भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार कायद्याने रद्दबातल आहे. सही झाली म्हणून घरी बसू नका, तो कागद घेऊनच वकिलाकडे किंवा युनियनकडे या. फक्त अपघाताच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत या.