भिंतीपलीकडचे स्फोट

२०२३च्या नोव्हेंबरमध्ये भारताच्या ‘ॲस्ट्रोसॅट’ या उपग्रहाने सहाशेवा गॅमा किरण स्फोट टिपला आणि बातमी झाली ती आकड्याची. पण अमेरिकेच्या ‘फर्मी’ उपग्रहाला वर्षाला दोनशेहून अधिक स्फोट दिसतात. कौतुक करायचं तर ॲस्ट्रोसॅटच्या भिंतींचं करायला हवं.

असा स्फोट आकाशात कुठेही, कधीही होतो आणि बहुतेकदा काही सेकंदांत विझतो. ॲस्ट्रोसॅटवरचं ‘सीझेडटी इमेजर’ हे उपकरण मात्र ठरलेल्या लक्ष्याकडे पाहणारं. आजूबाजूचे क्ष-किरण आत शिरू नयेत म्हणून त्याला भिंती आहेत. मात्र ऊर्जा साधारण १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर गेली की याच भिंती किरणांना अडवेनाशा होतात! मग दुर्बीण एकीकडे रोखलेली असली, तरी बाजूचे स्फोटही आत नोंदले जातात. ६ ऑक्टोबर २०१५ रोजी, उपकरण सुरू झालं त्याच दिवशी, रोखलेल्या दिशेपासून सुमारे ६० अंशांवर झालेला स्फोट त्याने पकडला.

खरी गंमत पुढे आहे. या उपकरणातल्या संवेदकाचे १६,३८४ बारीक कप्पे आहेत. कॅरममध्ये स्ट्रायकर सोंगटीवर आदळून वळतो, तसा एखादा गॅमा फोटॉन एका कप्प्यातल्या इलेक्ट्रॉनवर आदळतो, थोडी ऊर्जा देतो आणि वळून शेजारच्या कप्प्यात शोषला जातो. एकाच क्षणी शेजारी-शेजारी उमटलेल्या अशा जोड्या वेचायच्या. किरणं ध्रुवित असतील, म्हणजे त्यांची कंपनं एकाच दिशेत असतील, तर ध्रुवीकरणाच्या दिशेला काटकोनात जाणाऱ्या जोड्या जास्त भरतात. स्फोटातून सुटणाऱ्या झोतातलं चुंबकीय क्षेत्र शिस्तीत आहे की विस्कटलेलं, याचा माग त्यातून लागतो. प्रकाशाची तीव्रता कितीही अचूक मोजली, तरी एवढं कळत नाही.

पण भिंतीआडून आलेल्या किरणांची किंमतही मोजावी लागते. वाटेत उपग्रहाचे सगळे भाग येतात. कोणी किती किरणं गिळली, किती विखुरली, हे कळल्याशिवाय मापनाला अर्थ नाही. म्हणून अख्खा उपग्रह संगणकात भागाभागाने उभारून त्यावर कृत्रिम फोटॉन सोडले गेले. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, पुण्याची आयुका, आयआयटी मुंबई इथल्या तरुण संशोधकांची या चिकाटीच्या कामात वर्षं गेली आहेत. त्याची कधी ठळक बातमी होत नाही, याची मला खंत वाटते.

ॲस्ट्रोसॅटने टिपलेल्या वीस स्फोटांच्या अभ्यासात बहुतेकांचं एकूण ध्रुवीकरण कमीच निघालं. म्हणून झोतात शिस्त नाही, असं म्हणावं का? घाई नको. २१ ऑगस्ट २०१६च्या प्रखर स्फोटात ध्रुवीकरणाची दिशा स्फोट चालू असतानाच बदलली होती. वेगवेगळ्या दिशा एकत्र मिसळल्या, की एकमेकींना पुसून टाकतात आणि बेरीज कमी भरते. तेव्हा प्रत्येक स्फोटाचे काळानुसार तुकडे पाडून मोजायला हवं. त्यासाठी तुकड्यागणिक पुरेशा जोड्या हव्यात, म्हणजेच आजच्यापेक्षा मोठे संवेदक हवेत.