माघ-फाल्गुनातली नर्मदा

परिक्रमेत नर्मदा कायम उजव्या हाताला ठेवायची आणि ती ओलांडायची नाही. पुण्यात राहून तुकड्यातुकड्यांनी चालणाऱ्याला यातला दुसरा नियम फार छळतो. दक्षिण तट असेपर्यंत काही प्रश्न नसतो. उत्तर तट लागला, की दर वर्षी घरी परतताना गाडी भरूचला नाहीतर होशंगाबादला पुलावर चढतेच. एका आश्रमात विचारलं, तर तिथले महाराज म्हणाले, "रेल से गये, पैर से तो नहीं." दुसऱ्या आश्रमात, अशा चालण्याला परिक्रमाच म्हणत नाहीत, असं ऐकवलं गेलं. आम्ही नवराबायको दोन्हीकडे नमस्कार करून, पुढच्या वर्षी सोडल्या जागेवरून पुन्हा चालू लागायचो.

पूर्ण वाट साधारण २६०० किलोमीटरची. परंपरेने तिला ३ वर्षं, ३ महिने आणि १३ दिवस दिले आहेत. आमचं वेळापत्रक मात्र बँकेच्या रजेवर ठरायचं. मार्चअखेरची धावपळ सुरू व्हायच्या आत, म्हणजे माघात किंवा फार तर फाल्गुनाच्या सुरुवातीला. जबलपूरचे चित्रकार अमृतलाल वेगड १९७७ मध्ये पन्नाशीला टेकले असताना असेच खंडाखंडाने चालायला निघाले होते, हा आमचा मोठा आधार.

अखंड चालणारा कार्तिकात देवउठनी एकादशीनंतर ओंकारेश्वर सोडतो. त्याला कडाक्याची थंडी एका मुलखात भेटते, पळस दुसऱ्याच मुलखात आणि उन्हाचा चटका तिसरीकडे. आम्हाला अख्खी नदी एकाच ऋतूत दिसली, आणि आज मागे वळून पाहताना मला हीच आमची कमाई वाटते. ऋतू तोच असला की जागेजागेतला फरक उघडा पडतो. अमरकंटक हजार मीटरांहून उंच; तिथे माघात पहाटे बोटं वळत नव्हती. त्याच दिवसांत भरूचच्या अलीकडे अकरा वाजताच सावली शोधावी लागली होती. होशंगाबादच्या बाजूला, तवा धरणाच्या पाण्यावर, नजर जाईल तिथवर हिरवा गहू. वाळूत कलिंगड-काकडीचे वेल नुकते धरलेले आणि त्यांच्या शेजारूनच वाळूचे डंपर चाललेले. नर्मदा जयंती माघ शुद्ध सप्तमीची, त्यामुळे त्या सुमारास निघालं की गावोगाव भंडारे. "कितनी मूर्ति?" असं विचारून पानं मांडली जायची. एरवी सदाव्रतात कणीक, डाळ, मिरच्या मिळायच्या. टिक्कड मात्र हिला शेवटपर्यंत जमलं नाही, मला जमलं.

सगळ्यात जास्त मनात राहिला तो शूलपाणीच्या झाडीचा टप्पा. बडवानी सोडून सातपुड्यात शिरलं की वाट नंदुरबार जिल्ह्यात येते. नर्मदा महाराष्ट्राच्या हद्दीवरून पन्नासएक किलोमीटर वाहते, पण चालणाऱ्याला ती तिथे फारशी दिसत नाही. काठ सरदार सरोवराच्या पाण्याखाली आहे. मणिबेलीचं शूलपाणेश्वराचं जुनं देऊळही गेलं, नवं गोऱ्याला बांधलंय. त्यामुळे वाट डोंगरावरून धडगाव-मोलगीकडे फिरते. फाल्गुन लागताना पळस पेटलेला आणि काठी गावच्या राजवाडी होळीची तयारी सुरू. पूर्वीच्या वर्णनांत या झाडीत परिक्रमावासी हमखास लुटले जात. आम्हाला तिथे ज्वारीची भाकर आणि उडदाची डाळ मिळाली. ज्यांची शेतं पाण्यात गेली, त्यांच्या अंगणात आसन लावून आपण पुण्याच्या गोष्टी करतो, हे मला अवघड गेलं, अजूनही जातं.

बरगी, इंदिरासागर, ओंकारेश्वर, सरदार सरोवर. या धरणांनी काठच हलवले, तशी वाटही दर ठिकाणी आत सरकली. २००४ मध्ये हरसूद हे गावच इंदिरासागरासाठी उठलं. म्हणून खंड परिक्रमेला नाक मुरडणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. अखंड चालणाराही आज जुन्या काठाने जाऊच शकत नाही.

विमलेश्वर ते मिठीतलाई हा समुद्रातला प्रवास मात्र थोडक्यात सांगतो: भरतीची वाट पाहायची, चिखलातून होडीत चढायचं आणि उलटी न होऊ देता पलीकडे उतरायचं. आम्ही गेलो तेव्हा त्या भागात वरून येणारं पाणी कमी आणि खारेपणा जास्त होता. 

ओंकारेश्वरला पोचून जल चढवलं, त्यालाही आता काही काळ झाला. परवा जुने फोटो काढून बसलो, तर सगळ्यांत तेच तिरपं ऊन, तेच स्वेटर, तेच शांत, हिरवट पाणी. पुराची नर्मदा आम्ही पाहिलेलीच नाही. ऑगस्टमध्ये होशंगाबादच्या सेठानी घाटाच्या पायऱ्या दिसेनाशा होतात, असं तिथली माणसं सांगतात. यंदा रजेचा अर्ज ऑगस्टचा दिला आहे.