विश्लेषण : नट इकडे, पात्र पडद्यावर… मोशन कॅप्चरचे ‘थेट प्रक्षेपण’ कसे होते?

अंगावर सेन्सर बांधलेला नट रिकाम्या खोलीत हात उंचावतो आणि पडद्यावरचा राक्षस, परी किंवा दगडांचा माणूस त्याच क्षणी हात उंचावतो. चित्रपट, व्हिडीओ गेम आणि आता रंगभूमीवरही दिसणाऱ्या या करामतीमागे एक छोटे सॉफ्टवेअर काम करत असते. त्याला प्लगइन म्हणतात. ते नटाचे चित्र पाठवत नाही, त्याच्या हालचालींचे आकडे पाठवते. हे तंत्र वेगवान आणि स्वस्त झाले ते यामुळेच. आणि या आकड्यांवर हक्क कोणाचा, हा वादही त्यातूनच उभा राहिला आहे.

मोशन कॅप्चर म्हणजे काय?

माणसाच्या हालचालींची नोंद करून त्या कृत्रिम पात्राला देणे, म्हणजे मोशन कॅप्चर. या कल्पनेचे मूळ शंभर वर्षांहून जुने आहे. अमेरिकी अ‍ॅनिमेटर मॅक्स फ्लायशर यांना ‘रोटोस्कोप’ या यंत्राचे पेटंट १९१७मध्ये मिळाले. चित्रित केलेल्या माणसाची फिल्म लावायची आणि तिच्यावरून एकेक चित्र हाताने गिरवायचे, अशी ती पद्धत होती. संगणक आल्यावर गिरवण्याची जागा मोजमापाने घेतली.

आज दोन पद्धती प्रामुख्याने वापरल्या जातात. पहिलीत नटाच्या अंगावर प्रकाश परावर्तित करणारे छोटे गोळे लावले जातात आणि चहूबाजूंचे कॅमेरे त्यांची जागा मोजतात. ही पद्धत अचूक असते. पण त्यासाठी कॅमेऱ्यांनी सज्ज अशी खोली लागते, शिवाय एखादा गोळा शरीराआड गेला की मोजमाप चुकते. दुसऱ्या पद्धतीत पोशाखातच सेन्सर बसवलेले असतात आणि ते प्रत्येक अवयव किती वळला हे सांगतात. हा पोशाख कुठेही वापरता येतो. मात्र बारीकसारीक चुका साचत जातात आणि पात्र हळूहळू आपल्या जागेवरून सरकू लागते. त्यामुळे दोन्ही हात पसरून ठरावीक पवित्र्यात उभे राहायचे आणि यंत्रणा पुन्हा जुळवून घ्यायची, हे काम अधूनमधून करावे लागते.

‘रिअल-टाइम’मुळे काय बदलले?

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला गोलम अँडी सर्किस यांच्या अभिनयातून उभा राहिला. भारतात रजनीकांत यांचा ‘कोचादैयान’ हा मोशन कॅप्चरवर आधारित चित्रपट २०१४मध्ये आला. त्या काळातील सर्वसाधारण पद्धत अशी : आधी हालचाली नोंदवायच्या, मग त्यातील दोष काढायचे आणि त्यानंतर बराच काळ संगणकावर काम करून पात्र घडवायचे. आपला अभिनय पात्राच्या अंगावर कसा दिसणार, हे नटाला त्या वेळी कळत नसे.

गेम इंजिनने हे चित्र बदलले. खेळणाऱ्याने बटण दाबताच पात्राने उडी मारायला हवी, म्हणून ही सॉफ्टवेअर सेकंदाला ६० किंवा त्याहून अधिक वेळा नवे चित्र तयार करतात. याच इंजिनात नटाच्या हालचाली सोडल्या, तर पात्र तत्क्षणी हलू लागते. २०१६मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये ‘हेलब्लेड’ या गेममधील सेनुआ हे पात्र अभिनेत्री मेलिना युर्गेन्स यांनी प्रेक्षकांसमोर थेट साकारून दाखवले. इंजिन होते एपिक गेम्स या कंपनीचे ‘अनरियल’.

त्याच वर्षी हे तंत्र नाट्यगृहात आले. इंग्लंडमधील रॉयल शेक्सपिअर कंपनीने ‘द टेम्पेस्ट’ नाटक रंगवले, तेव्हा एरियल या वायुरूप पात्राची भूमिका करणारे मार्क क्वार्टली सेन्सरचा पोशाख घालून रंगमंचावर उभे राहत आणि त्यांची डिजिटल प्रतिमा वर तरंगत असे. पुढे करोनाकाळात, मार्च २०२१मध्ये, याच संस्थेने ‘ड्रीम’ हा सुमारे ५० मिनिटांचा प्रयोग ऑनलाइन सादर केला. कलाकार पोर्ट्समथ शहरात अंगावर गोळे लावून अभिनय करत होते आणि घरी बसलेल्या प्रेक्षकांना त्यांच्या जागी जंगलातील पात्रे दिसत होती. चित्रपटात चूक झाली तर दुसरा टेक घेता येतो. इथे ती सोय नव्हती.

प्लगइन नेमके काय करते?

हालचाल मोजणारी यंत्रणा एका कंपनीची असते, चित्र तयार करणारे इंजिन दुसऱ्या कंपनीचे. प्रत्येकाची नोंदीची भाषा वेगळी. अनरियल इंजिनमधील ‘लाइव्ह लिंक’ हे प्लगइन या दोघांमध्ये दुभाष्याचे काम करते. व्हायकॉन, ऑप्टिट्रॅक, एक्ससेन्स, रोकोको अशा यंत्रणांकडून येणारा डेटा त्याच्यामार्फत इंजिनमध्ये उतरवता येतो.

त्यासाठी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. डेटा कुठून येतो, तो ‘सोर्स’. कोणाचा डेटा आहे, तो ‘सब्जेक्ट’. म्हणजे एखादा नट, त्याचा चेहरा किंवा कॅमेरा. आणि डेटा कोणत्या प्रकारचा आहे, तो ‘रोल’. कारण शरीराची हालचाल, कॅमेऱ्याची जागा आणि दिव्याचा प्रकाश हे सगळे एकाच पद्धतीने वाचता येत नाही.

डेटाही दोन हप्त्यांत येतो. सांगाड्यात कोणते सांधे आहेत, कोणता सांधा कोणाला जोडलेला आहे, ही माहिती सुरुवातीला एकदाच पाठवली जाते. त्यानंतर प्रत्येक फ्रेमला फक्त बदललेले आकडे येतात. नाटकाच्या सुरुवातीला पात्रपरिचय एकदा होतो, मग केवळ संवाद चालू राहतात, तसेच हे.

हे आकडे किती लहान असतात? समजा, सांगाड्यात ६० सांधे आहेत आणि प्रत्येक सांध्याची जागा, वळण व आकार सांगायला १० आकडे लागतात. प्रत्येक आकडा ४ बाइटचा धरला, तर एका फ्रेमला २४०० बाइट होतात. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे सुमारे १४४ किलोबाइट. व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या एखाद्या फोटोइतक्या डेटामध्ये अख्ख्या माणसाची एका सेकंदाची हालचाल मावते.

माणसाची हालचाल दगडाला कशी बसते?

‘ड्रीम’मधील पक हे पात्र दगडगोट्यांचे बनलेले होते. ती भूमिका करणाऱ्या कलाकाराचे शरीर मात्र तुमच्या-आमच्यासारखेच. नट साडेपाच फुटांचा आणि पात्र दहा फुटांचे असेल, तर नटाचे आकडे जसेच्या तसे वापरून चालत नाही. पाय जमिनीत रुततात, हात पोटात शिरतात. म्हणून नटाचा कोणता सांधा पात्राच्या कोणत्या सांध्याशी जोडायचा आणि उंचीतील फरक कसा सांभाळायचा, हे आधी ठरवून ठेवावे लागते. याला ‘रिटार्गेटिंग’ म्हणतात. ही जुळणी एकदा नीट झाली की तोच नट राजा, माकड किंवा झाड, काहीही होऊ शकतो.

सर्वांत मोठी अडचण कोणती?

वेळ. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर प्रत्येक चित्रासाठी जेमतेम १७ मिलिसेकंद मिळतात. मोजमाप, प्रवास, जुळणी आणि चित्र तयार करणे या प्रत्येक टप्प्यावर थोडा उशीर होतो आणि तो साचत जातो.

म्हणूनच अनेक यंत्रणा हा डेटा ‘यूडीपी’ पद्धतीने पाठवतात. रजिस्टर टपाल आणि साधे पोस्टकार्ड यांत जो फरक, तोच इथे. रजिस्टर पत्राची पोचपावती येते, हरवले तर चौकशी होते. यूडीपी हे साधे पोस्टकार्ड आहे : टाकले आणि विसरले. हालचालीचा एखादा आकडा हरवला तर तो पुन्हा मागवण्यात अर्थ नसतो, कारण तो येईपर्यंत नट पुढच्या पवित्र्यात गेलेला असतो.

उशिरा येणाऱ्या आकड्यांसाठी प्लगइन थोडा साठा राखून ठेवते. साठा वाढवला की हालचाल गुळगुळीत दिसते, पण उशीर वाढतो. साठा कमी केला की पात्र तत्पर होते, पण अधूनमधून झटके बसतात. मध्यम मार्ग प्रत्येक स्टुडिओला स्वतः शोधावा लागतो.

शरीराचा डेटा पोशाखातून आणि चेहऱ्याचा दुसऱ्या उपकरणातून येत असेल तर आणखी एक पेच पडतो. दोघांचा उशीर वेगळा, त्यामुळे हात आधी उगारला जातो आणि राग चेहऱ्यावर नंतर दिसतो. यावर उपाय म्हणजे प्रत्येक फ्रेमवर घड्याळाची अचूक वेळ नोंदवणे. या ‘टाइमकोड’नुसार प्लगइन दोन्ही प्रवाह जुळवून घेते.

मोबाइलवर हे शक्य आहे का?

चेहऱ्यापुरते तरी नक्कीच. एपिक गेम्सने जुलै २०२०मध्ये ‘लाइव्ह लिंक फेस’ हे मोफत अ‍ॅप आयफोनसाठी आणले. आयफोनच्या पुढच्या बाजूचा खोली मोजणारा कॅमेरा चेहऱ्याच्या ५२ हालचाली ओळखतो. जबडा किती उघडला, डावा डोळा किती मिटला, भुवई किती वर गेली, अशा प्रत्येक हालचालीला ० ते १ यांमधील आकडा मिळतो. २०२५मध्ये अँड्रॉइड फोनसाठीही अ‍ॅप उपलब्ध झाले.

जोडणीची पद्धत सोपी आहे. अनरियल इंजिनमध्ये लाइव्ह लिंक आणि चेहऱ्यासाठीचे पूरक प्लगइन सुरू करायचे, फोन आणि संगणक एकाच नेटवर्कवर आणायचे आणि अ‍ॅपमध्ये संगणकाचा आयपी पत्ता टाकायचा. डेटा येत असेल तर लाइव्ह लिंकच्या खिडकीत फोनच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसतो. प्रवाह थांबला की तो पिवळा होतो. नावच दिसत नसेल, तर बहुतेक वेळा संगणकाच्या फायरवॉलने डेटा अडवलेला असतो किंवा फोन दुसऱ्याच वाय-फायवर असतो. ठिपका हिरवा असूनही पात्र ढिम्म असेल, तर फोनने पाठवलेले नाव आणि पात्राला जोडलेले नाव एकच आहे का, हे पाहावे लागते. इंजिन शिकण्यासाठी मोफत आहे. गेम विकून आजवरचे उत्पन्न १० लाख डॉलरच्या पुढे गेल्यावरच कंपनी रॉयल्टी घेते.

हालचालींवर हक्क कोणाचा?

थेट प्रवाहातील आकडे इंजिनमध्येच रेकॉर्ड करता येतात. एकदा ते साठवले की नट घरी गेल्यावरही त्याची चाल, त्याचे वळणे, त्याची लकब दुसऱ्या कोणत्याही पात्रावर चढवता येते. त्यातून कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवून नव्या हालचालीही तयार करता येतात. अमेरिकेत ‘सॅग-आफ्ट्रा’ या कलाकार संघटनेने २६ जुलै २०२४पासून व्हिडीओ गेम कंपन्यांविरोधात संप पुकारला, त्यात हा मुद्दा अग्रभागी होता. अंगविक्षेप, मारामारी, उड्या यांसाठी काम करणाऱ्या सर्वच कलाकारांना कंपन्या ‘एआय’पासून संरक्षण देत नाहीत, अशी संघटनेची तक्रार होती. जून २०२५मध्ये संप स्थगित झाला आणि जुलैमध्ये सदस्यांनी नव्या कराराला मंजुरी दिली. डिजिटल प्रतिकृती वापरायची तर कलाकाराची संमती घेणे आणि वापराची माहिती देणे त्यात बंधनकारक आहे.

भारतात कॉपीराइट कायदा, १९५७ कलाकारांना हक्क देतो. या कायद्याच्या व्याख्येत अभिनेता, गायक, नर्तक यांच्यासह कसरती करणारे, जादूगार आणि गारुडीही येतात. हा हक्क ५० वर्षे टिकतो. मात्र कलाकाराने चित्रपटासाठी लेखी संमती दिली, की करारात वेगळे काही नसेल तर निर्मात्याच्या वापराला त्याला आडकाठी करता येत नाही. २०१२मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, पण मोशन कॅप्चरच्या डेटाचा स्वतंत्र उल्लेख त्यात नाही. म्हणजे सगळी भिस्त करारावर.

महाराष्ट्रात याचे महत्त्व काय?

मुंबई आणि पुण्यात व्हीएफएक्स, अ‍ॅनिमेशन आणि गेमचा व्यवसाय रुजलेला आहे. मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही संस्था २०२५मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी राज्य सरकारने या क्षेत्रासाठी स्वतंत्र धोरणही मंजूर केले. कमी खर्चात ही जोडणी करता येऊ लागल्याने छोट्या नाटकमंडळ्या, नृत्यसंस्था आणि महाविद्यालयांनाही ती आवाक्यात आली आहे. या कामाला सॉफ्टवेअर जाणणारे जितके लागतात, तितकीच अंगात लय असलेली माणसे लागतात. लावणी, मल्लखांब, मर्दानी खेळ येणाऱ्यांसाठी तो रोजगार ठरू शकतो. अशा कलाकाराने पोशाख अंगावर चढवण्यापूर्वी करारात चार गोष्टी पाहाव्यात : डेटा कोणत्या कामासाठी आहे, तो किती काळ ठेवला जाईल, दुसऱ्या पात्रासाठी वापरला तर वेगळे मानधन मिळेल का आणि ‘एआय’ला शिकवण्यासाठी तो दिला जाणार आहे का.