देव्हाऱ्यास रंग द्यावा की रोगण?

दीपावलीची चाहूल लागली की घरोघरी झाडलोट सुरू होते. भिंतींना नवा रंग लागतो, पितळेची समई व निरांजने चिंचेने घासून लखलखीत होतात. परंतु ज्या लाकडी देव्हाऱ्यापुढे आपण नित्य हात जोडतो, ज्या चौरंगावर लक्ष्मीपूजन मांडतो, ज्या पाटावर अभ्यंगस्नानास बसतो आणि ज्या उंबरठ्यावर हळदकुंकू वाहतो, त्यांची आठवण बहुधा अखेरच्या दोन दिवसांत होते. मग दुकानातून एक डबा येतो आणि तोच रंग सर्वांवर फिरतो. वस्तूचे काम निराळे, तसे तिचे लेपनही निराळे असावे, असे आम्हांस वाटते.

देव्हारा सागवानाचा, शिसवीचा वा फणसाचा असेल तर त्यावर तैलरंग देऊ नये. लाकडाच्या नैसर्गिक रेषा हेच त्याचे लेणे. त्यास चपडीचे पॉलिश शोभते. पळस, बोर व कोशिंब यांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जी राळ निर्माण करतात, ती शुद्ध करून चपडी होते. ती स्पिरिटमध्ये विरघळवून कापडात गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने एकावर एक पातळ हात दिले जातात. नवा हात जुन्याशी एकजीव होतो, म्हणून वर्षांनंतरही ते सहज उजळून घेता येते. मात्र पाणी साचल्यास चपडीवर पांढरे डाग उठतात आणि उष्णतेने ती मऊ होते. म्हणून अभिषेकाचे ताम्हन पाटावर बाहेर घ्यावे आणि समई फळीपासून दूर ठेवावी.

चौरंगास मात्र रंग खुलतो. सावंतवाडीच्या चितार आळीतील रंगीत लाकूडकाम सर्वांना परिचित आहे. तेथील गंजिफा व लाखकामाच्या कलेस राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात नवसंजीवनी दिली. लाल, पिवळा, हिरवा असे ठसठशीत रंग आणि कडेने वेलबुट्टी ही तिथली रीत घरच्या चौरंगासही साजेल. कुंकवाचे डाग गडद लाल रंगावर कमी दिसतात आणि चकचकीत पृष्ठभाग ओल्या फडक्याने लगेच पुसला जातो.

स्नानाच्या पाटास चकचकीत रंग कदापि देऊ नये. तेल आणि पाणी पडताच तो निसरडा होतो व वृद्धांना इजा होण्याचा संभव असतो. त्यास जवसाच्या तेलाचे पातळ हात देऊन नीट वाळू द्यावे. दार, चौकट व उंबरठा यांना ऊन, पाऊस व वर्दळ सोसायची असते. तेथे अस्तराचा एक हात आणि त्यावर तैलरंगाचे दोन हात हेच इष्ट.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जुन्या तैलरंगांत शिशाची संयुगे असत, आणि ती विशेषतः पिवळ्या, तांबड्या व नारिंगी या मंगल मानल्या गेलेल्या छटांत. केंद्र सरकारने २०१६ साली नियम करून घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांवर मर्यादित केले. हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. परंतु आजोबांच्या काळच्या दारावरील थर तसेच आहेत. ते पॉलिशकागदाने कोरडे घासले की विषारी धूळ उडते. शिसे बालकांच्या मेंदूच्या वाढीस बाधक ठरते आणि गर्भासही अपाय करते. म्हणून असा रंग घट्ट बसलेला असल्यास खरवडू नये, त्यावरच नवा हात द्यावा. घासणे भागच असेल तर पृष्ठभाग ओला करून, तोंडास योग्य मुखपट्टी बांधून घासावे. त्या वेळी मुलांना व गर्भवतींना दूर ठेवावे. नंतर झाडू न मारता जमीन ओल्या फडक्याने पुसावी.

दिव्यांच्या या सणात आणखी दोन पथ्ये पाळावीत. स्पिरिटची वाफ लगेच पेट घेते. पॉलिश पूर्ण वाळून वास जाईपर्यंत जवळ समई, उदबत्ती वा काडी पेटवू नये. तसेच जवसाच्या तेलाचे बोळे कोपऱ्यात ढीग करून टाकू नयेत. तेल वाळताना तापते आणि ढिगास आपोआप आग लागू शकते. ते बोळे पाण्यात भिजवून टाकावेत किंवा अंगणात सुटे पसरून वाळवावेत.

दमट हवेत चपडीवर धुरकट पांढरेपणा येतो व तैलरंग वाळण्यास विलंब लागतो. यास्तव पाऊस सरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास, हे काम हाती घ्यावे आणि वसुबारसेपूर्वी आटोपावे. मग लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी दिवे लागतील, तेव्हा त्या प्रकाशात देव्हारा उजळेल आणि त्यापुढे बसलेली लेकरेही निर्धास्त असतील. घरातील माणसांचे क्षेम राखून केलेली सजावट हीच श्रीलक्ष्मीस खऱ्या अर्थाने रुजू होते.