मलमाची ट्यूब आणि तीन मिनिटांची तपासणी

यंदाच्या उन्हाळ्यात आमची लेक लातूरहून नांदेडला माहेरी आली. सोबत दोन वर्षांचा नातू होता. पहिल्याच रात्री आमच्या लक्षात आले, की ती झोपेत सारखी कंबर खाजवते आहे. सकाळी विचारले, तर "घामोळं आहे, अम्मी" म्हणून तिने विषय टाळला. तिसऱ्या दिवशी नातवाच्या गालावर रुपयाएवढा लाल गोल दिसला, तेव्हा मात्र तिला रडूच फुटले. आठ महिन्यांपासून तिच्या कंबरेला, जांघेत आणि काखेत गजकर्ण होते. सासरी कोणाला सांगितले नव्हते. जावईबापूंनी मेडिकलमधून एक ट्यूब आणून दिली होती. लावली की दोन दिवसांत खाज थांबायची आणि सोडली की आठ दिवसांत दुप्पट जागेवर उठायची. अशा किती ट्यूब संपल्या, याचा हिशेब तिच्याकडेही नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला शहरातल्या एका दवाखान्यात नेले. आमचा नंबर ४१. बाहेर मुखेड, कंधार, किनवटहून आलेली माणसे बसलेली. अडीच तासांनी आत बोलावले, तर तिथे आमच्या आधीचे दोन पुरुष पेशंट अजून होतेच.

"काय त्रास?"

"खाज येते."

"कुठं?"

लेकीने त्या दोघांकडे पाहिले आणि मान खाली घातली. शेवटी बुरख्याची बाही वर करून कोपराजवळचा एक छोटा चट्टा तेवढा दाखवला. डॉक्टरांनी खुर्चीतूनच पाहिले आणि लिहायला घेतले. "ॲलर्जी आहे."

आम्ही भीत भीत विचारले, "डॉक्टरसाहेब, गजकर्ण तर नाही ना? बाळालाही झालंय."

"डॉक्टर तुम्ही की मी?" एवढे म्हणून त्यांनी घंटी वाजवली.

एक इंजेक्शन, पाच दिवसांच्या गोळ्या आणि एक मलम. आत जाऊन बाहेर यायला तीन मिनिटेही लागली नसतील. आधी काय लावत होता, घरात आणखी कोणाला आहे का, बाळ अंगावर पिते का, यातले काहीही विचारले गेले नाही. रिक्षात लेक एकच वाक्य बोलली, "अम्मी, एवढ्यासाठी मी उगाच सांगितलं."

संध्याकाळी फार्मसी शिकलेला आमचा भाचा आला. त्याने दोन्ही ट्यूब दिव्याखाली धरून बारीक अक्षरे वाचली. जुन्या ट्यूबमध्ये क्लोबेटासोल, नव्या मलमात बीटामेथासोन. "खाला, नाव बदललं, औषध तेच. दोन्हीत स्टेरॉइड आहे," तो म्हणाला.

हा घोळ आमच्या एका घरातला नाही. गजकर्ण ही बुरशी. स्टेरॉइड बुरशीला मारत नाही. ते त्वचेची लाली आणि खाज तेवढी दाबते. आपल्याला वाटते बरे झाले, पण शरीराचा प्रतिकार थंडावल्यामुळे बुरशी निवांत पसरते. गोलाचा आकारही बिघडतो, म्हणून पुढच्या डॉक्टरांना रोग ओळखणे अवघड जाते. सतत लावल्याने कातडी पातळ होते आणि जांघेत, काखेत ताणाच्या रेषा उठतात. त्या पुढे पूर्णपणे जात नाहीत. देशातले त्वचारोगतज्ज्ञ कित्येक वर्षे याविरुद्ध ओरड करत आहेत. २०१८ साली केंद्र सरकारने १४ प्रकारची स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली. तरीही काउंटरवर "खाजेची ट्यूब द्या" म्हटले की ती हातात पडते.

त्यातच बुरशीही हट्टी झाली आहे. २०२० साली जपानमधल्या संशोधकांनी भारत आणि नेपाळमधल्या रुग्णांच्या अंगावर सापडलेल्या बुरशीला ट्रायकोफायटन इंडोटिनी असे नाव दिले. तिच्यातल्या अनेक प्रकारांवर टर्बिनाफिन हे नेहमीचे औषध नीट चालत नाही. २०२३ मध्ये ती अमेरिकेत न्यूयॉर्कलाही आढळली. म्हणूनच पूर्वी पंधरा दिवसांत जाणारे गजकर्ण आता महिनोन्‌महिने रेंगाळते.

लेकीला सोडायला आम्ही लातूरला गेलो, तेव्हा मनाशी ठरवूनच गेलो. लोहा, अहमदपूर, चाकूर, एसटीच्या सगळ्या प्रवासात एकच विचार होता, की विहीणबाईंशी हा विषय काढायचा कसा? सून आजार घेऊन आली, असे तर म्हणणार नाहीत? चहा झाल्यावर आम्ही धीर करून सांगितले. विहीणबाई जरा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी दार लोटले आणि आपल्या पोटाची बाजू दाखवली. तोच चट्टा, त्याच रेषा! दीड वर्षापासून. त्यांनीही कोणाला सांगितले नव्हते. सासू-सून एकाच कपाटातली एकच ट्यूब एकमेकींच्या चोरून लावत होत्या.

दुसऱ्या दिवशी दोघींना आणि नातवाला घेऊन आम्ही एका लेडी डॉक्टरांकडे गेलो. तिथेही गर्दी होतीच. पण त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "आजवर काय काय लावलं? ट्यूब आणल्यात?" आम्ही पिशवीच पुढे केली. त्यांनी पडदा ओढून सगळे चट्टे पाहिले, कडेची कातडी किंचित खरवडून काचेवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. बुरशीच निघाली. "बेटा, औषध लांब चालेल. डाग दिसेनासा झाला तरी मी सांगेपर्यंत सोडायचं नाही. आणि जावईबापूंनाही पाठवा. एकट्या बाईला बरं करून उपयोग नाही," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी टॉवेलबद्दल विचारले. घरात सगळ्यांना मिळून दोन टॉवेल आणि कपडे एकाच बादलीत भिजत. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातुरात पाणी पुरवून वापरायची सवय कोणाला नाही? पण प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, बाधा झालेल्याचे कपडे वेगळे धुऊन कडक उन्हात उलटे वाळवायचे, एवढे कमी पाण्यातही जमते. वुजूनंतर पायांची बोटे कोरडी पुसावीत, बुरख्याखाली सैल सुती कपडे घालावेत, हेही त्यांनी सांगितले. रमजानमध्ये औषध चालू असेल तर गोळीची वेळ डॉक्टरांनाच विचारून सहरी किंवा इफ्तारशी जुळवून घ्यावी. मनाने बंद करू नये.

वाचक भगिनींनो, आम्ही जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन असे काही लिहिलेले असेल, तर ती आपल्या मनाने लावू नका. बरेच दिवस लावत असाल तर बंद कशी करायची हेही डॉक्टरांनाच विचारा. जुन्या चिठ्ठ्या आणि ट्यूब पिशवीत घालून न्या. गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर न विचारताही सांगा. आत दुसरे पेशंट असतील, तर "आधी त्यांचं होऊ द्या, आम्ही थांबतो" असे म्हणायला लाजू नका. नांदेड आणि लातूर, दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथल्या त्वचारोग विभागातही दाखवता येते.

हया हा आपला दागिना आहे. पण आजार लपवणे म्हणजे हया नव्हे. आम्हीही लेकीला लहानपणापासून "असलं काही बोलू नये" हेच शिकवले होते. त्याची किंमत तिने आठ महिने मोजली.

आता नातवाचा गाल स्वच्छ आहे. लेकीची आणि विहीणबाईंची खाज थांबली आहे, औषध अजून चालू आहे. लेकीच्या कंबरेवरच्या रेषा मात्र राहतील, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. परवा फोनवर ती म्हणाली, "अम्मी, कपाटातल्या सगळ्या ट्यूब आम्ही दोघींनी मिळून फेकल्या."