दारू सुटली, संध्याकाळचे काय?

दारूमुळे दाखल झालेल्या रुग्णाच्या शरीरातून दारू उतरवण्याचे काम साधारण आठवडाभरात होते. हातांची थरथर थांबते, झोप लागू लागते, जेवण जाते. घरची मंडळी म्हणतात, ‘सुटली एकदाची!’ डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची नावे असतात, पुन्हा दाखवायची तारीख असते. पण आज संध्याकाळी सात वाजता या माणसाने जायचे कुठे, हे त्यावर लिहिलेले नसते. इतकी वर्षे कामावरून सुटले की पाय आपोआप गुत्त्याकडे वळत. तो रस्ता तिथेच आहे, गुत्ता उघडा आहे आणि मित्रही तेच आहेत.

त्या संध्याकाळसाठी ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ म्हणजे ‘एए’च्या सभा आहेत. १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन शहरात दोन दारुड्यांनी याची सुरुवात केली. बिल विल्सन शेअर बाजारात काम करणारा, तर बॉब स्मिथ चक्क सर्जन. (व्यसन शिक्षण पाहून लागत नाही, हे डॉक्टरांनीही ध्यानात ठेवलेले बरे.) दुसऱ्या दारुड्याशी मोकळेपणाने बोलत राहिले की आपलीही दारू दूर राहते, एवढाच त्यांचा शोध. आज मुंबई-पुण्यासह अनेक शहरांत महापालिकेच्या शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल, रुग्णालयातली एखादी खोली अशा ठिकाणी या सभा भरतात.

पत्ता मिळवणे अवघड नाही. एएच्या भारतातील संकेतस्थळावर चौकशी करता येते. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातील समाजसेवकाकडे माहिती असते. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस १४४१६ यांवरही विचारता येते. सभा ‘खुली’ आहे की ‘बंद’ हेही विचारून घ्यावे. खुल्या सभेला नातेवाईक येऊ शकतात, बंद सभा फक्त दारूची समस्या असलेल्यांसाठी असते.

मात्र पत्ता मिळाला म्हणजे माणूस गेला, असे होत नाही. १९८१ मध्ये अमेरिकेत २० जणांवर झालेला एक छोटा प्रयोग यासाठी सांगण्यासारखा आहे. निम्म्या लोकांना सभेची जागा आणि वेळ सांगून, ‘जा’ असा सल्ला दिला. उरलेल्यांसमोर समुपदेशकाने तिथल्या तिथे एका जुन्या सदस्याला फोन लावला, दोघांचे बोलणे करून दिले आणि सदस्याने सोबत यायची तयारी दाखवली. दुसऱ्या गटातले सगळे सभेला गेले, पहिल्या गटातला एकही नाही. प्रयोग लहान होता हे खरे. पण वॉर्डात काम करणाऱ्या कोणत्याही परिचारिकेला हा निकाल ऐकून नवल वाटणार नाही. म्हणून सुट्टी मिळण्याआधीच, वॉर्डातूनच तो फोन व्हावा. नातेवाइकांनी तसा आग्रह धरायला हरकत नाही.

सभा तासा-दीड तासाची असते. नोंदणी नाही, फी नाही, आडनाव विचारले जात नाही. दारू सोडण्याची इच्छा ही एकच अट. एकेक जण आपले नाव आणि ‘मी अल्कोहोलिक आहे’ असे सांगून स्वतःची हकिगत सांगतो: गेलेली नोकरी, मोडलेले मंगळसूत्र, मुलाच्या शाळेत झालेली शोभा. मध्ये कोणी तोंड घालत नाही, उपदेश करत नाही. नव्याने बोललेच पाहिजे असे नाही. शेवटी ऐच्छिक वर्गणी जमा होते. नव्या माणसाने काही टाकले नाही तरी चालते.

ओळखीचे कोणी भेटेल, ही धास्ती बहुतेकांना असते. भेटलेच तर तोही त्याच कारणासाठी आलेला असतो. आणि गटारीच्या काठावर पडलेले सगळ्या आळीने पाहिलेले असतेच! काहींना बारा पायऱ्यांतला देवाचा उल्लेख खटकतो. तिथे ‘आम्हाला समजला तसा देव’ असे शब्द आहेत आणि देव न मानणारेही या सभांना येतात. एक सभा रुचली नाही तर दुसऱ्या गटात बसून पाहावे; प्रत्येक गटाची भाषा आणि माणसे वेगळी असतात.

२०२० च्या कॉक्रेन आढाव्यात २७ अभ्यास एकत्र तपासले गेले. रुग्णाला पद्धतशीरपणे एएशी जोडणारे उपचार घेतलेल्यांपैकी वर्षभराने ४२ टक्के दारूपासून पूर्ण दूर होते. अन्य उपचारांत ३५ टक्के. चमत्कार नव्हे, पण फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी हा फरक मोठा आहे.

सभा म्हणजे वैद्यकीय उपचार मात्र नव्हेत. रोज भरपूर पिणाऱ्याने घरीच एकाएकी दारू बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास आणि भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. अशा माणसाने आधी रुग्णालय गाठावे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्याही गटातल्या कोणाच्या सांगण्यावरून बंद करू नयेत. पुन्हा प्यायली गेली तरी सभेचे दार बंद होत नाही. दुसऱ्या दिवशी तिथे जाऊन तसे सांगावे.

तो जागचा हलायलाच तयार नसेल तर? घरच्यांसाठी १९५१ पासून ‘अल-ॲनॉन’ ही वेगळी संघटना आहे. तिच्या सभेला बायको, आई, बहीण कोणीही जाऊ शकते. तो पीत असतानाही, त्याला न विचारताही.